बगळा स्क्वाड्रनमधलं जास्तीचं नाव

"चोरी झालेली नाही," मिस विनिफ्रेड ऑल्सॉप म्हणाल्या. "उलट काहीतरी जास्तीचं आलंय. आणि ते मी आणलं असं सगळं गाव म्हणतंय."

डॉरकस फेन्विकने खुर्ची पुढे सरकवली. लिंकन शहरातल्या चढावर, टोप्यांच्या दुकानाच्या माडीवर तिची कचेरी होती. दारावर 'खासगी तपास' अशी पाटी होती. आत बहुतेक वेळ हरवलेली कुत्री आणि हरवलेले नवरे शोधण्याचं काम चाले. कुत्री जास्त सापडत.

"वॉल्टर, चहा," ती म्हणाली.

वॉल्टर तिचा दीर. तीस वर्षं कॉन्स्टेबल होता, आता निवृत्त. भाऊ वारल्यावर तो वहिनीला मदत करायला म्हणून आला आणि तिच्या बिस्किटांच्या डब्यापाशी स्थिरावला.

मिस ऑल्सॉप चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या, ऑल्डर फेन गावात शाळामास्तरीण. कोटाच्या बाहीवर खडू लागलेला होता. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"आमच्या चर्चमध्ये बगळा स्क्वाड्रनचं, म्हणजे गावाजवळच्या तळावरच्या विमान तुकडीचं, पुस्तक आहे. दोन्ही युद्धांत गेलेल्या त्यांच्या माणसांची नावं, वर्ष कुठलंही असो, तारखेच्या क्रमाने. काचेच्या पेटीत असतं. रोज सकाळी अकरा वाजता एक पान उलटायचं. साठ पानं आहेत, म्हणजे प्रत्येकाचा दिवस दोन महिन्यांनी येतो. सात वर्षं पान मी उलटते."

"आणि?"

"मंगळवारी सोळा मार्च त्रेचाळीसचं पान आलं. एफ विमान, सात माणसं. मला सातही पाठ आहेत. आणि त्यांच्याखाली आठवं नाव! क्लेमेंट ऑल्सॉप, इंजिन फिटर."

"तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ." त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "एफ विमान गेलं त्याच संध्याकाळपासून क्लेम तळावर दिसला नाही. कागदोपत्री तो पळपुटा आहे. लष्करी पोलिसांनी आमच्या कोळशाच्या खोलीतसुद्धा शोधलं. आईने त्या दिवसापासून रस्त्याकडचे पडदे उघडले नाहीत, ती गेली तेव्हाही ते बंदच होते. शाळेत पोरं अजून फळ्यावर पळणारा माणूस काढून ठेवतात. मी पुसते आणि गणित शिकवते."

वॉल्टरने बिस्किट खाली ठेवलं. हे तो सहसा करत नसे.

"स्क्वाड्रन मोडली या वर्षी," त्या पुढे म्हणाल्या. "रविवारी तिचं निशाण आमच्या चर्चमध्ये कायमचं ठेवायला आणतायत. त्याआधी, शनिवारी बारा वाजता, लंडनहून लेखनिक येऊन ते नाव खरवडून काढणार आहे."

"म्हणजे तुम्ही लिहिलं नाही, हे मी सिद्ध करायचं."

"छे हो! सोळा वर्षं गाव मला काय काय म्हणालंय, त्यात हे एक. मला ज्याने लिहिलं तो माणूस हवाय, मिसेस फेन्विक. त्याला क्लेमबद्दल काहीतरी ठाऊक आहे. नाव एकदा खरवडलं की तो पुन्हा हिंमत करायचा नाही."

आज गुरुवार होता.

"वॉल्टर," डॉरकस म्हणाली, "गाडी काढ. आणि डबा इथेच ठेव."

*

ऑल्डर फेनची जमीन इतकी सपाट की चर्चचा मनोरा अर्ध्या तासाआधीपासून दिसतो. मे महिना होता, पण त्या बाजूच्या वाऱ्याला महिना कळत नाही.

चर्चचे धर्मगुरू, व्हिकर टिंडल, दारात उभे होते. सत्तरी उलटलेले, अतिशय सौम्य आणि अतिशय घाबरलेले.

"पेटी उघडतो. स्क्वाड्रनच्या समितीच्या हुकमाने मंगळवारपासून पान तिथेच ठेवलंय. पुरावा म्हणून." किल्ली कुलपात जाईना. त्यांचा हात सारखा थरथरत होता. शेवटी डॉरकसने हळूच किल्ली घेतली. "हे असं झालंय," ते ओशाळून हसले. "दोन वर्षांपासून प्रवचनसुद्धा बायको लिहून देते. माझ्या हातचं तिलाही वाचता येत नाही."

"पेटी कुणाकुणाला उघडता येते?"

"एरवी मला आणि मिस ऑल्सॉपना. पण निशाणासाठी भिंतीत कोनाडा करायचा म्हणून चर्च दोन आठवडे बंद होतं. पुस्तक मागच्या खोलीत कपाटात होतं. कपाटाला कुलूप नाही."

"तिथे कोण येत होतं?"

"मी. मिस ऑल्सॉप, फुलदाण्या धुवायला. स्क्वाड्रन लीडर पेनफोल्ड, ते स्क्वाड्रनचा इतिहास लिहितायत, नावं तपासायला येत. आणि कोनाड्याची फळी रंगवायला गॉटआजोबा. सुतार बाहेरगावचे, त्यांना क्लेमेंट कोण तेही ठाऊक नाही."

डॉरकसने रुमालाने हात पुसले आणि पानावर वाकली. सात नावं काळ्याभोर शाईत, आठवंही तसंच. उभा वळणदार घाट, तोच आकार, तोच बाक. वॉल्टरला आठही सारखी दिसली.

तिने डोळे मिटले आणि चर्मपत्रावरून अगदी हलकं बोट फिरवलं. पहिलं नाव, दुसरं, सातवं. मग आठवं. तिथे बोट क्षणभर थांबलं आणि पुन्हा मागे आलं.

"काय गं?"

"सात नावं बोटाला कळतात, वॉल्टर. आठवं गुळगुळीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. भिंग दे."

भिंगाखाली आठव्या नावाच्या अक्षरांच्या कडेने पांढरे बारीक ठिपके होते, एकामागोमाग, मुंग्या रांगेने निघाल्यासारखे. पुस्तकाच्या शिवणीत चिमूटभर पांढरी भुकटी साचली होती. वॉल्टरने ती बोटावर घेतली, हुंगली आणि एकदम डॉरकसचा दंड धरला.

"खडू!" तो कुजबुजला. दगडी चर्चमध्ये त्याची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत गेली. "अगं, शाळामास्तरीण! बाहीवर पाहिलास ना तू? तीच ती. बिचारी."

"पाहिला," डॉरकस म्हणाली. "बाहीवरचा खडू कुठे लागतो, वॉल्टर? जिथे बाही टेकते तिथे. ठिपक्यांची रांग करून नाही बसत तो."

तिने शेवटच्या बाकावर बसलेल्या मिस ऑल्सॉपना विचारलं, "समजा तुम्हीच हे नाव लिहिलं असतं, तर कुठल्या पानावर?"

मिस ऑल्सॉप गोंधळल्या. "अगदी शेवटी, कोऱ्या पानावर. तो कुठे गेला हेच मला माहीत नाही, तर कुठल्या विमानाखाली लिहू?"

"बरोबर," डॉरकस म्हणाली आणि पेटी बंद केली.

*

स्क्वाड्रन लीडर लायनेल पेनफोल्ड यांच्या घरी खुर्च्यांवरसुद्धा कागद होते. मिशा टोकदार, शब्द त्याहून टोकदार.

"इतिहास म्हणजे इतिहास, बाई. मी फुलं वाहायला बसलेलो नाही. पळालेला माणूस पळालेलाच राहणार. त्या बाईंबद्दल मला सहानुभूती आहे, पण मेलेल्यांच्या रांगेत घुसायचं म्हणजे काय?"

"तुम्ही क्लेमेंटला ओळखत होता?"

"मी चव्वेचाळीसला आलो, ॲड्जुटंट म्हणून. कागद सगळे माझ्या हाताखालून गेलेत. हे बघा." त्यांनी छापखान्यातून आलेल्या पानांचा गठ्ठा पुढे ढकलला. "सोळा साली फ्रान्समध्ये उभी राहिली ही स्क्वाड्रन. कापडाची विमानं, दोन माणसं बसायची. इंजिनं इतकी बेभरवशाची की सतरा साली एक रीत पडली. ज्या मेकॅनिकने इंजिन बसवलं, त्यानेच पहिल्या उड्डाणात मागच्या जागेवर बसायचं. तू केलंस ना, मग तू बस! गंमत म्हणजे इंजिनं बंद पडायची थांबली." ते पहिल्यांदाच हसले. "प्रकरण तीन."

"छान रीत आहे. मग?"

"मग वरून हुकूम आला. यादीत नाव नसलेला माणूस मोहिमेच्या विमानात न्यायचा नाही, नेला तर कप्तानावर खटला. रीत बंद झाली."

"ती बंद झाल्याचं कुणी सांगितलं?"

पेनफोल्डनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने सूर्य उगवल्याचा दाखला मागितला. "हुकूम आहे ना!"

"हो का," डॉरकस म्हणाली. "सोळा मार्चची नोंद वाचता का जरा?"

त्यांनी चष्मा लावला. "'एफ. तीन नंबरचं इंजिन बदललं. काम पूर्ण पाच वाजता. मोहिमेवर उड्डाण सहा पन्नास. परत आलं नाही.' संपलं."

"इंजिन बदलल्यावर चाचणी उड्डाण?"

"नोंद नाही. वेळच नव्हता."

"बदललं कुणी?"

"मेकॅनिकांची नावं आम्ही नोंदवत नाही."

"नाही, आलंच लक्षात माझ्या."

वॉल्टर तोवर एक फोटो बघत बसला होता. हॉलंडमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावाची दफनभूमी, पांढरे लाकडी क्रॉस आणि प्रत्येक क्रॉसच्या मागे हातात फूल घेतलेलं एक मूल. "एफ विमानाची माणसं तिथे पुरलीत होय? डॉरकस, लाकडी बूट बघ पोरांचे. पुढच्या चारांतली ती टोकाची मुलगी रडतेय की हसतेय? मागच्या चारांत तर एकजण हसेल तर शपथ."

डॉरकसने फोटो घेतला. युद्धाची चार वर्षं तिने विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली वाचण्यात घालवली होती. कुठल्या रुळावर किती डबे आणि कुठल्या बंदरात किती जहाजांची धुराडी, हे मोजायची सवय तिला होती. ती फोटोकडे बराच वेळ बघत राहिली.

"याच्याबरोबर पत्र आलं असेल ना?"

"आलं. तिथल्या एका शाळामास्तरांचं. वेडंवाकडं इंग्रजी. मी फोटो घेतला, पत्र ठेवून दिलं." त्यांनी ते शोधून दिलं.

ती मोठ्याने वाचू लागली. "'...समुद्राने तुमची मुलं आम्हाला एकेक करून आणून दिली. एकाच्या छातीवर बिल्ला नव्हता. हात कामकऱ्याचे, नखांत काळं तेल. गळ्यात घरी विणलेला पट्ट्यांचा मफलर, एका टोकाला पांढरा डाग. त्याचं नाव मिळालं नाही. गावातल्या बायका त्याला आमचा कामकरी म्हणतात आणि त्याला फूल द्यायला विसरत नाहीत.'"

"विमानात हात काळे व्हायचेच," पेनफोल्ड म्हणाले. "आणि समुद्र काय, कुठल्याही विमानातला माणूस आणून टाकतो."

"हे पत्र शनिवारपर्यंत माझ्याकडे राहू दे. तुम्हीही या, स्क्वाड्रन लीडर. प्रकरण तीन बरोबर आणा."

*

गॉटआजोबांना 'आजोबा' हे नाव स्क्वाड्रनने दिलं, तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. विशीतल्या पोरांना शेहेचाळीस म्हणजे मोडीत काढण्याचं वय वाटतं. सिलास गॉट पहिल्या युद्धात बगळा स्क्वाड्रनमध्ये शिपाई म्हणून गेले, दुसऱ्यात कॉर्पोरल म्हणून परत आले. एफ विमानाची जमिनीवरची टोळी त्यांच्या हाताखाली होती. विमानांवरची अक्षरं, नाकावरची चित्रं, सगळं तेच रंगवत. आता गावातल्या पाट्या रंगवतात.

"या, या. बसायला जागा नाही, पण उभं राहायला आहे." मेजावर निशाणाच्या कोनाड्याची फळी होती. टाचणीने टोचलेला कागद त्यांनी तिच्यावर ठेवला, फडक्याची एक पुरचुंडी घेऊन वरून थोपटली. पांढरा धूर उडाला आणि वॉल्टर तीनदा शिंकला. कागद उचलला तेव्हा फळीवर बगळ्याचा एक पाय उमटला होता.

"हे चांगलंय," वॉल्टर नाक पुसत म्हणाला. "चुकायची भीतीच नाही."

"चुकायची भीती असतेच, साहेब. पुसता येतं एवढंच."

डॉरकस भिंतीवरचा फोटो बघत होती. मोठ्या विमानाच्या नाकाखाली पाचजण, पायाखाली बर्फ. मधले आजोबा, गळ्यात जाड पट्ट्यांचा मफलर, एका टोकाला पांढरा डाग. त्यांच्या खांद्यावर हात टाकलेला एक हसरा मुलगा, पुढचे दोन दात किंचित फाकलेले. मिस ऑल्सॉपचे फाकलेत तसेच.

"हाच क्लेमेंट?"

"हाच." ब्रश पाण्यात जरा जोरात आपटला. "असा इंजिनवाला पुन्हा झाला नाही. फ्रेडीची चारी इंजिनं त्याची. फ्रेडी म्हणजे एफ. दुसऱ्या कुणाला पाना लावू द्यायचा नाही. पायलटला म्हणायचा, विमान आमचं आहे, तुम्हाला रोज उसनं देतो, नीट परत आणा."

"शेवटचं कधी पाहिलंत त्याला?"

"दुपारी. जेवणाच्या वेळी. नंतर नाही."

"मफलर फार छान आहे तुमचा."

"मेबलने विणला होता. बायकोने."

"अजून असेल ना?"

"हरवला."

इतक्या पटकन, की पुरचुंडी हातातून खाली पडली. आजोबा ती उचलायला वाकले आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ वाकलेले राहिले.

डॉरकस दार ओढून घेत होती तेव्हा ते आतून म्हणाले, "पान... अजून तेच उघडं आहे का हो, बाई?"

"शनिवारपर्यंत," डॉरकस म्हणाली. "तुम्ही पण या."

गाडीत वॉल्टर म्हणाला, "म्हातारा भला आहे. माझा संशय पेनफोल्डवर. मिशा पाहिल्यास?"

"मिशांवर खटला चालत नाही, वॉल्टर."

*

शनिवारी सकाळी साडेदहाला सगळे पेटीभोवती जमले. लंडनचा लेखनिक, एक गोरापान बारीक माणूस, सुरी आणि लोकरीचा बोळा मांडून पहिल्या बाकावर बसला होता. मिस ऑल्सॉप खांबाला टेकून उभ्या होत्या. गॉटआजोबा सगळ्यांच्या मागे, टोपी दोन्ही हातांत धरून.

"सुरीला अजून दीड तास आहे," डॉरकस म्हणाली, "आणि मला त्याच्या निम्माही लागणार नाही. पहिला प्रश्न, लिहिलं कुणी? साहेब, या पुस्तकातली नावं तुम्ही लोक कशाने लिहिता?"

"हंसाच्या पिसाने," लेखनिक म्हणाला.

"पीस असो की निब, चामड्यावर ओरखडा उठतो. बोट फिरवून बघा."

त्याने फिरवलं. सात नावं झाली, आठव्याला भुवया वर गेल्या. "हे ब्रशने काढलंय! इतक्या बारीक अक्षरात? खरं सांगू, माझ्यापेक्षा बरं आहे."

"व्हिकरसाहेबांचा हात किल्लीसुद्धा धरू शकत नाही. पेनफोल्डसाहेबांना हे नाव नको आहे, आणि ते आयुष्यभर टाकाने लिहीत आले. मिस ऑल्सॉपवर संशय आला तो खडूमुळे." वॉल्टरने खिडकीकडे पाहिलं. "पण हा खडू ठिपक्यांत आहे. आधी नाव कागदावर काढायचं, सात नावांचा घाट बघून. मग रेषेवर टाचणीने भोकं पाडायची, कागद पानावर ठेवायचा, वरून खडूची पुरचुंडी थोपटायची. उमटलेल्या ठिपक्यांवरून ब्रश फिरवायचा. चुकलं तर पुसता येतं. पाटी रंगवणाऱ्या माणसाची ही रीत आहे. वॉल्टर परवा तिच्यामुळे तीनदा शिंकला."

आता सगळे मागे वळले. आजोबा हलले नाहीत.

"गॉट, तुम्ही?" पेनफोल्ड ओरडले. "तुम्ही जुने माणूस असून? पुस्तक बाटवलंत!"

"थांबा. पुस्तक बाटलं की दुरुस्त झालं, हा दुसरा प्रश्न. लिहिणाऱ्याने नाव शेवटच्या कोऱ्या पानावर नाही घातलं. नेमकं एफ विमानाखाली घातलं. क्लेमेंट एफमध्ये होता हे त्याला ठाऊक होतं. कसं? पेनफोल्डसाहेब, प्रकरण तीन."

"रीत तर बंद..."

"हुकमाने. हुकूम मेसमध्ये भिंतीवर लावतात, इंजिनं हँगरमध्ये बसवतात. तुमच्याच नोंदीत आहे, त्या दिवशी एफचं इंजिन बदललं, पाच वाजता काम संपलं, चाचणी झाली नाही. म्हणजे नव्या इंजिनाचं पहिलं उड्डाण कुठलं?"

मग वॉल्टर, जो तीस वर्षं नेहमी शेवटी पोचला होता, हळूच म्हणाला, "मोहिमेचंच."

"मोहिमेचंच. आणि फ्रेडीच्या इंजिनाला क्लेमेंटशिवाय कुणी पाना लावत नव्हतं. आजोबा, तुम्हीच सांगितलंत. तो पाच वाजेपर्यंत त्या इंजिनावर असणार आणि टोळीचे मुख्य तुम्ही. मग जेवणानंतर त्याला पाहिलंच नाही, हे कसं? त्या दिवशी पहिल्या उड्डाणाला बसायची पाळी त्याची होती. कप्तानाने घेतलं. यादीत सात नावं, विमानात आठ माणसं."

"हा तर्क झाला," पेनफोल्ड म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"तुमच्याच पुस्तकातला फोटो. वॉल्टर, पुढे किती मुलं होती?"

"चार."

"मागे?"

"चार." वॉल्टरने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. मी बूट बघत बसलो."

"प्रत्येक क्रॉसमागे एक मूल. सात माणसांच्या विमानाला आठ क्रॉस. आठव्याच्या छातीवर बिल्ला नाही, कारण तो उडणाऱ्यांतला नव्हता. नखांत तेल, कारण पाचपर्यंत इंजिनात हात होते. समुद्र कुणालाही आणतो, हे कबूल. पण समुद्र मफलर विणत नाही." तिने आजोबांच्या भिंतीवरून मागून आणलेला फोटो पत्राशेजारी ठेवला. "जाड पट्टे, घरी विणलेला, टोकाला पांढरा डाग. पांढरा रंग विमानाच्या अक्षरांचा. सिलास गॉट, मफलर हरवला नव्हता. तुम्ही दिलात."

आजोबा पुढे आले. मिस ऑल्सॉपकडे बघायचा त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. ते पुस्तकाशी बोलल्यासारखे बोलले.

"वर फार थंडी असते. त्याच्याकडे नुसता कोट होता." त्यांनी टोपी पिळली. "तो जाणार नव्हता, पोरी. मोहीम आहे म्हणत होता. मीच चिडवला. म्हटलं, सतरा साली मी बसलो होतो, कापडाच्या विमानात, आणि तुझी टरकली काय रे? तू केलंस ना, मग तू बस. हसला, चढला. मी खालून मफलर फेकला. त्याने झेलला."

चर्चमध्ये कुठेतरी एक पाकोळी फडफडत होती.

"आधी वाटलं, कैदेत असेल, येईल परत. बोललो असतो तर मेलेल्या कप्तानावर ठपका आला असता, त्याची बायको दोन लेकरं घेऊन बसली होती. टोळीला म्हटलं, गप्प राहा. मग युद्ध संपलं आणि क्लेम आला नाही. तोवर इतका उशीर झाला होता, की तुझ्या आईच्या बंद पडद्यांसमोरून जाताना मी रस्ता बदलायचो. तीही गेली. आता स्क्वाड्रन पण मोडली. म्हटलं, निशाण आत येईल तेव्हा त्याचं नाव तरी आत असावं. तेवढा एकच हात माझा चांगला आहे. तोंड कधीच नव्हतं."

मिस ऑल्सॉप त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गोरा चेहरा लालबुंद झाला होता.

"सोळा वर्षं!" त्या म्हणाल्या. "सोळा वर्षं तुम्ही माझ्या शाळेची पाटी दर उन्हाळ्यात रंगवून दिलीत. फुकट. मला वाटायचं, किती चांगला म्हातारा!"

"हो."

"आई पडद्याआड गेली, आजोबा."

"हो, पोरी."

मिस ऑल्सॉपनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डॉरकसने वॉल्टरला खूण केली, तसा तो सगळ्यांकडे पाठ करून रंगीत काचांत अतिशय रस घेऊ लागला. बऱ्याच वेळाने मिस ऑल्सॉपनी हात काढले, नाक पुसलं आणि त्या ज्या आवाजात वर्गाला गप्प करत असतील, त्या आवाजात म्हणाल्या,

"ते पत्र कुठल्या गावाहून आलंय?"

डॉरकसने पत्र दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. 'आमचा कामकरी' या शब्दांवर बोट ठेवलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जाणार. त्या क्रॉसवर नाव नाही. तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. ब्रश घ्या, खडू घ्या, टाचणी घ्या. अक्षर एवढंसं जरी वाकडं आलं, तरी पुन्हा काढायला लावीन."

"येतो," आजोबा म्हणाले.

पेनफोल्ड आपली छापील पानं चाळत होते. बराच वेळ चाळली, मग खिशातून टाक काढला आणि प्रकरण तीनमधली एक ओळ खोडली. "'रीत बंद झाली' हे चूक आहे," ते खाकरून म्हणाले. "छापखान्याला उद्याच कळवतो. हवाई खात्याला पत्रही मीच लिहितो, मला त्यांची भाषा येते. वेळ लावतील. पण फोटो, नोंद, पत्र, गॉटची जबानी एवढं पुरेल." ते थांबले. "मिस ऑल्सॉप, इतिहास म्हणजे इतिहास, असं मी सगळीकडे सांगत होतो. तो आधी पूर्ण वाचायला हवा होता."

"मग नावाचं काय?" लेखनिकाने विचारलं. सुरी अजून त्याच्या हातात होती.

सगळे व्हिकरांकडे बघू लागले. त्यांचा हात नेहमीसारखा थरथरत होता, आवाज मात्र मुळीच नाही. "पुस्तक या चर्चचं आहे, समितीचं नव्हे. त्याच्यावर सुरी चालणार नाही. बारा पंचवीसची गाडी आहे तुम्हाला. आधी चहा घ्या, माझी बायको मनुकांचा पाव करते."

वॉल्टर काचांतून मागे वळला.

*

रविवारी निशाण आलं. पहिल्या युद्धातले चार म्हातारे आणि दुसऱ्यातले साठेक प्रौढ गृहस्थ त्याच्यामागून चालत आले. गॉटआजोबा चारांत होते, गळा उघडा. व्हिकरनी पानावरची नावं वाचली. आठवं नाव वाचलं तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी उठून उभं राहिलं, मग शेजारचं, मग सगळं गाव. ज्या पोरांनी फळ्यावर चित्रं काढली होती, त्यांना त्यांच्या आयांनी कोपराने ढोसून उभं केलं.

सोमवारी अकराला डॉरकस आणि वॉल्टर चर्चमध्ये डोकावले, आजोबांचा फोटो परत द्यायला ते गावात आले होते. मिस ऑल्सॉप पेटी उघडून उभ्या होत्या. व्हिकर म्हणत होते, "राहू द्या ना हे पान अजून थोडे दिवस. कुणी काही म्हणणार नाही."

"नको," मिस ऑल्सॉप म्हणाल्या. "मंगळवारपासून बाकीचे खोळंबलेत."

त्यांनी भावाच्या नावावर क्षणभर बोट ठेवलं. ते गुळगुळीत होतं. मग पान उचलून अलगद पलीकडे टेकवलं.

"आज एकवीस मार्च अठरा," त्या म्हणाल्या. "दोघेजण." आणि त्यांनी ती दोन नावं मोठ्याने वाचली.

बाहेर आल्यावर वॉल्टर बोटांवर काहीतरी मोजत होता.

"आजचा धरून साठाव्या दिवशी क्लेमेंट परत येतो," तो म्हणाला. "जुलैत. त्या दिवशी येऊ या का आपण?"

"तू पहिल्यांदाच बरोबर मोजलंस," डॉरकस म्हणाली. "येऊ या."